ब्याऐंशीचं कासव

तो चौकोन तांदळाच्या दाण्याएवढा होता. त्याच्यासमोर लिहिलं होतं, ‘यापुढे असल्या फायली नेहमी याच प्रोग्राममध्ये उघड.’ फंग-च्याओचा चष्मा कपाळावर होता, डाव्या हातात भोपळ्याच्या बियांची पुडी होती आणि समोर टीव्हीवर नव्या वर्षाची गाणी चालली होती. तिने चौकोनात बरोबरची खूण केली आणि आणखी एक बी फोडली.

खरं तर तिला रागच आला होता. नव्या वर्षाच्या सुट्टीत तिचा भाचा जेवायला आला होता. त्याने कारखान्याच्या कॉम्प्युटरवरचा ड्रॉइंगचा प्रोग्राम पाहिला आणि म्हणाला, “मावशी, हा तर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे!” मग कोणी न विचारता त्याने एक नवा प्रोग्राम घालून दिला आणि डब्यात उरलेलं बदक भरून घेऊन गेला. तेव्हापासून कुठल्याही ड्रॉइंगवर दोनदा टिचकी मारली की कॉम्प्युटर विचारायचा, कशात उघडू? जुन्यात की नव्यात? फाइल तिची, कॉम्प्युटर तिचा, वीज तिची, आणि वर हा तिलाच प्रश्न विचारणार. पाचव्यांदा विचारल्यावर तिने नवा प्रोग्राम निवडला, खूण केली आणि त्याचं तोंड कायमचं बंद केलं. जुना प्रोग्राम उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. नव्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत कासव पडद्यावर आणलं.

त्या फाइलीत कासव होतं. या कासवाबद्दल सांगायलाच हवं, कारण तैवानमधल्या शेनकांगच्या त्या गल्लीत त्याच्याहून महत्त्वाचं काही नाही.

भातखाचरांच्या मधोमध पत्र्याची अठ्ठावीस छपरं, आणि प्रत्येक छपराखाली कोणीतरी सायकलचा कुठलातरी भाग बनवतंय. कोणी पेडलचा दांडा, कोणी घंटीची टोपी. फंग-च्याओ आणि तिचा नवरा लाय चिन-मू सीट आवळून धरणारी कडी बनवतात. चिन-मू मशीनवर, फंग-च्याओ ऑफिसात. गल्लीच्या तोंडाशी भूमीआजोबांचं देऊळ आहे. पांढऱ्या दाढीचा, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा देव, आणि देऊळ एवढंसं की पुजाऱ्याला वाकूनच हात आत घालावा लागतो. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाला, या देवाकडून एक कासव मागून घरी न्यायचं असतं. कौल मिळाला तरच न्यायचं. वर्षभर घरच्या देव्हाऱ्यात ठेवायचं, मागितलेलं मिळालं की पुढच्या पौर्णिमेला ते परत आणायचं आणि सोबत त्याच्याहून मोठं नवं कासव करून द्यायचं. ते नवं कासव मग पुढचा माणूस मागतो.

बाकी ठिकाणी हे कासव तांदळाच्या पिठाचं असतं आणि दरवर्षी मणामणाने वाढतं. या गल्लीत सगळे यंत्रावरचे कारागीर. इथे ते पोलादाच्या जाड पत्र्यातून कापलेलं असतं आणि दरवर्षी बरोबर एक मिलिमीटर वाढतं. “देवाने मोठं म्हटलंय,” पहिल्याच वर्षी कोणीतरी मुद्दा काढला होता, “किती मोठं ते म्हटलेलं नाही.” तेव्हापासून एकतीस वर्षं तोच नियम. देवळाच्या भिंतीवर जुनी कासवं ओळीने टांगलेली आहेत. शेजारशेजारची दोन पाहिली तर फरक कळणार नाही, पण कळायची गरज नाही. मंडळाचे अध्यक्ष च्वांगकाका दर पौर्णिमेला कॅलिपर लावून मोजतात आणि वहीत लिहितात. एका वर्षी कोणीतरी दीड मिलिमीटर वाढवलं तर सगळ्या गल्लीने त्याला ‘दानशूर’ म्हणून इतका छळला की त्याने घासून घासून अर्धा मिलिमीटर कमी करून आणला. कासवाबरोबर त्याच्या ड्रॉइंगची फाइलही या घरातून त्या घरात फिरते, लाल दोरा बांधलेल्या पेन ड्राइव्हमधून. फाइलीचं नाव ‘कासव-शेवटचं-खरंच-शेवटचं-८१’.

गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला ते एक्याऐंशी मिलिमीटरचं कासव चिन-मूने मागून आणलं होतं. फंग-च्याओ तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. गळ्यात गाठ निघाली होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर बोलताना तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. ऑपरेशन झालं. गाठ गेली. तीन महिन्यांनी आवाज परत आला, आणि असा आला की गल्लीच्या पलीकडच्या टोकाचे लोक जेवायच्या वेळा तिच्या हाकेवर ठरवू लागले. फंग-च्याओ ठणठणीत बरी झाली.

बरा झाला नाही तो चिन-मू. वर्षभर त्याने तिला काचेच्या भांड्यासारखी वागवली होती. बर्फाचा गोळा नाही. तिखट नाही. तळलेली कोंबडी तर डोळ्यासमोरही नाही. सकाळी पेज, रात्री पेज, मधल्या वेळी उकडलेलं पेअर. तिने पाच किलोचा खोका उचलला तरी हा मशीन बंद करून धावत यायचा. ती ओरडली की म्हणायचा, “हळू, गळा.” ती गप्प बसली की म्हणायचा, “का गं, दुखतोय का?”

“अरे म्हाताऱ्या, डॉक्टरने लिहून दिलंय मी बरी आहे म्हणून!”

“डॉक्टरने दिलंय. नवस कुठे फिटलाय?”

म्हणजे सगळं पौर्णिमेवर येऊन थांबलं होतं. पौर्णिमेला नवं कासव देवाने स्वीकारलं की नवस फिटणार, नवस फिटला की चिन-मूचा जीव ताळ्यावर येणार आणि फंग-च्याओला तिचं आयुष्य परत मिळणार, मिरपूड भुरभुरून. देवाने नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष पेज. म्हणून तर कारखाना उघडायच्या आधीच तिने ती फाइल उघडली, एक्याऐंशीच्या जागी ब्याऐंशी केले, नाव बदललं आणि पलीकडच्या गल्लीत लेझरने पत्रा कापणाऱ्या आ-हुओला ईमेलने पाठवून दिली. वर्षातलं पहिलं काम. तिला फार छान वाटलं होतं.

*

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आ-हुओचा ट्रक मागे मागे येत दारात उभा राहिला. ट्रकला क्रेन होती. फंग-च्याओच्या मनात आलं, हा दुसऱ्या कोणाचं तरी काम टाकायला निघाला असेल आणि वाटेत आपलं कासव देणार असेल. ती हात पुसत बाहेर आली आणि तळहात पुढे केला.

आ-हुओने ताडपत्री ओढली.

ट्रकच्या हौद्यात कासव होतं. डोकं पुढच्या फळीला टेकलेलं, शेपटी मागच्या फळीवरून बाहेर आलेली, चारही पाय बाजूंना. पाठीवरच्या प्रत्येक खवल्यात एकेक माणूस आरामात बसला असता. सूर्य नुकताच वर आला होता आणि कासवाने तो सगळाच्या सगळा फंग-च्याओच्या डोळ्यांवर मारला.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“कासव,” आ-हुओ म्हणाला.

“ते दिसतंय मला! ब्याऐंशी सांगितलं होतं ना!”

“ब्याऐंशीच आहे, लाय वहिनी.” आ-हुओने खिशातून चौघडी केलेला कागद काढला. “ब्याऐंशी इंच.”

फंग-च्याओने कागद हिसकावून घेतला. तिने कागद पाहिला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि परत पाहिला. आकडा तिचाच होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘इंच’ होतं, ते कोणाचं होतं देव जाणे.

“अरे, तुला विचारता नाही आलं? तीस वर्षं या गल्लीची कामं करतोस! आजोबांचं कासव दोन मीटरचं असतं कधी?”

“वहिनी, मी ड्रॉइंगमध्ये असतं ते कापतो,” आ-हुओ तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला. “माणसाच्या मनात काय असतं ते नाही कापत.”

त्याने जिकडे पाहिलं तिकडे चिन-मू उभा होता, हातात चहाचा थर्मास. त्याने कासव पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. “हं,” एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. फंग-च्याओला वाटलं, धक्क्याने वाचा बसली बिचाऱ्याची.

“दुसरं काप!” तिने आ-हुओची बाही धरली. “आत्ता! एवढंसं तर आहे, दोन मिनिटांचं काम!”

“आज मशीन बंद. आज सण.”

“मग याच्यातूनच एक छोटं कापून काढ!”

“कासवाच्या पोटातून कासव?” आ-हुओने विचार केला. “ते बरं दिसणार नाही, वहिनी. लोक काय काय अर्थ काढतील.”

तिने भाच्याला फोन लावला. तो झोपेत होता.

“मावशी,” सगळं ऐकून तो म्हणाला, आणि आता त्याची झोप पार उडाली होती, “आधी एक सांग. त्या चौकोनात खूण केलीस का?”

“कुठल्या चौकोनात?”

“‘नेहमी याच प्रोग्राममध्ये उघड’ म्हणणाऱ्या.”

“केली असेल,” फंग-च्याओ पुटपुटली. तिला पुटपुटताना ऐकायची भाच्याची ही पहिलीच वेळ होती.

“तुमच्या त्या जुन्या फायलीत नुसते आकडे असतात गं, मावशी. एक्याऐंशी म्हणजे एक्याऐंशी काय, ते फाइलीत नसतंच. जुना प्रोग्राम मुकाट्याने मिलिमीटर धरायचा. नवा परदेशातला आहे, तो मुकाट्याने इंच धरतो. सेटिंग बदलायचं राहिलं माझं. एका इंचात किती मिलिमीटर?”

“पंचवीस पॉइंट चार,” फंग-च्याओ म्हणाली. सायकलवाल्यांच्या गल्लीत हे तान्ह्या पोरालाही येतं.

“म्हणजे कासव तेवढ्या पट वाढलं.” फोनवर थोडा वेळ घुसमटल्यासारखा आवाज आला. “मावशी, मी हसत नाहीये.”

“तू हसतोयस!”

“मला खोकल्याची ढास लागलीय. बरं ऐक. कारखान्यातल्या बाकीच्या फायलीसुद्धा आता नव्यातच उघडणार. आधी ते नीट कर, नाहीतर उद्या ऑर्डरचा माल पण असाच निघेल.”

तिने घाईघाईने सीटच्या कडीची फाइल उघडली. एकतीस पॉइंट आठ इंच व्यासाची कडी. तिच्यात सायकलची सीट नाही, सिंहासन बसलं असतं. तिने तिचा छोटा बोल्ट उघडला. सहा इंच जाड, बंदराला जहाज बांधायला उपयोगी. मग तिला थांबवेचना. वॉशर उघडला, तो ट्रकच्या चाकाएवढा. स्प्रिंग उघडली, तिच्यावर बसलं असतं तर माणूस समुद्रापलीकडे जाऊन पडला असता. एकेका फाइलीला तिला असं हसू फुटत होतं की टेबलाला धरावं लागलं. भाचा तिकडे, ती इकडे, दोघंही फोन कानाला लावून नुसती खिंकाळत होती.

“उजव्या बटणाने टिचकी मार,” शेवटी भाचा म्हणाला. “‘कशाने उघडायचं’ असं येईल. जुना निवड. आणि आता परत त्या चौकोनात खूण कर.”

“परत तोच चौकोन?”

“तोच. या वेळी चष्मा लाव.”

तिने चष्मा लावला, प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचलं आणि खूण केली. बोल्ट पुन्हा बोटाच्या पेरात मावेल एवढा झाला, कडी सीटखाली जाईल एवढी झाली. अख्खा कारखाना जागच्या जागी आला. फक्त दारातलं कासव तेवढंच राहिलं. पोलादावर उजव्या बटणाने टिचकी मारता येत नाही.

ऑफिसच्या काचेतून तिला चिन-मू दिसला. तो कासवाभोवती फडका घेऊन फिरत होता आणि त्याचे पाय पुसत होता. आणखी एक वर्ष पेज, तिच्या मनात आलं. मग त्याची वाकलेली पाठ बघून तिला पेजेचं काही वाटेनासं झालं. हा माणूस वर्षभर नीट झोपला नव्हता. आज रात्री तरी झोपेल असं तिला वाटलं होतं, आणि तिनेच बिया खाता खाता ते घालवलं होतं.

*

दुपारी सगळी गल्ली देवळासमोर जमली. क्रेनने कासव उतरवलं आणि सहा जणांनी ते देवळाला टेकवून उभं केलं. उभं केल्यावर लक्षात आलं की देऊळ दिसत नाही. मग ते बाजूला सरकवलं. भूमीआजोबा आतून हसतच होते, पण ते नेहमीच हसतात.

गल्लीला उधाण आलं होतं.

“लाय मालक, याला हॉर्न कुठे बसवणार?”

“वहिनी, खरं सांगा, तुमच्यासाठी मागितलं होतं की सगळ्या तैवानसाठी?”

“अहो, त्या दीड मिलिमीटरवाल्याला बोलवा रे! म्हणावं, तू सुटलास!”

अध्यक्ष च्वांगकाकांनी सवयीने खिशातून कॅलिपर काढला, कासवाच्या नाकाला लावला, शेपटीकडे पाहिलं आणि कॅलिपर खिशात ठेवला. टेप मागवली. एकाने नाकाशी धरली, एकाने शेपटीशी. “दोन हजार ब्याऐंशी पॉइंट आठ,” च्वांगकाकांनी आकडा वाचला. वहीत वाढीच्या रकान्यात एकतीस वर्षं ‘१’, ‘१’, ‘१’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी खाली लिहिलं, ‘२००१.८’, आणि तो आकडा रकान्याबाहेर पार समासात गेला.

“नियमात बसतं का, काका?” कोणीतरी विचारलं.

“मोठं आहे हे नाकारता येणार नाही,” च्वांगकाका म्हणाले. “बाकीचं आजोबांना विचारू.”

कौलाच्या लाकडी चंद्रकोरी त्यांनी कपाळाला लावल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर हो, आणि हो तीनदा लागोपाठ यावं लागतं. दोन्ही फुगीर पडल्या तर नाही. दोन्ही सपाट पडल्या तर देव हसतोय. “आजोबा, लाय चिन-मूचं हे कासव तुम्ही स्वीकारता का?” चंद्रकोरी फरशीवर टणटणल्या.

दोन्ही सपाट. गल्ली हसली.

पुन्हा टाकल्या. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही दोन्ही सपाट.

“तीनदा हसले म्हणजे प्रश्न बरोबर नाही,” च्वांगकाका म्हणाले. “काहीतरी सांगायचं राहिलंय. लाय, तुझ्या घरातून काही सांगायचं राहिलंय का?”

चिन-मू जमिनीकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फंग-च्याओला ते बघवेना. ती पुढे झाली आणि गुडघ्यांवर बसली.

“आजोबा, चूक माझी आहे,” ती म्हणाली. तिचं हळू बोलणंही रस्त्यापलीकडच्या नूडलच्या गाडीपर्यंत जातं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “मी चौकोनात खूण केली. न वाचता केली. फाइल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडली, त्याने मिलिमीटरचे इंच केले आणि मी वर न बघता पाठवून दिली. माझ्या नवऱ्याने काही केलेलं नाही. त्याला एक मिलिमीटरच द्यायचा होता. त्याचा नवस धरा, चूक माझ्यावर टाका, आणि त्याला रात्रीची झोप द्या. पुढच्या वर्षी मी नीट ब्याऐंशीचं आणून देईन.”

तिने चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही सपाट. एक तर पडल्यावरही बराच वेळ थरथरत राहिली.

आता मात्र कोणी हसलं नाही. फंग-च्याओने चंद्रकोरी पुन्हा उचलायला हात पुढे केला.

“ऊठ,” चिन-मू तिच्या शेजारी गुडघे टेकत म्हणाला. “ऊठ गं, तुझं काही नाही यात.”

“माझंच आहे सगळं!”

“इंच तुझे आहेत. बाकीचं माझं आहे.” त्याने मान वर करून आ-हुओकडे पाहिलं. आ-हुओने विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि दोन पावलं मागे सरकला. “आजोबा, याने मला फोन केला होता. फाइल आली त्याच दिवशी. म्हणाला, लाय, वहिनींनी ब्याऐंशी इंच पाठवलंय, चुकलंय, मिलिमीटरमध्ये कापू ना? मी म्हटलं, नाही. आहे तसं काप.”

सगळ्या गल्लीच्या माना आ-हुओकडे वळल्या.

“तुला माहीत होतं?” फंग-च्याओ म्हणाली. “सकाळपासून माझा जीव जातोय, आणि तुला माहीत होतं?”

चिन-मूने उत्तर तिला दिलं नाही, देवाला दिलं. “त्या दिवशी इथे कासव मागितलं तेव्हा सगळे होते. सगळ्यांसमोर मी नेहमीसारखं म्हटलं, मोठं आणीन. पण दुसऱ्या दिवशी, हिचं ऑपरेशन चालू असताना, हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुमच्याशी परत बोललो होतो. तेव्हा म्हटलं होतं, हिला वाचवा, जेवढं मोठं पत्र्यातून निघेल तेवढं मोठं आणीन. पाच फूट बाय दहा फुटांचा पत्रा असतो, तो सगळा तुमचा. मग ही बरी झाली. आणि मला वर्षभर धीर झाला नाही. अर्ध्या मिलिमीटरवरून लोक माणसाला जगू देत नाहीत इथे. म्हटलं, एवढं मोठं नेलं तर म्हणतील, बघा, लाय बायकोच्या मागे पार वेडा झाला. म्हणून हिला पेज घालत बसलो. वाटायचं, देणं कमी पडणार आहे, हिलाच जपावं. आणि मग आ-हुओचा फोन आला. मला वाटलं, तुम्हीच कॉम्प्युटरमध्ये बसून केलंत हे. लोकांना सांगता येईल, कॉम्प्युटरची चूक आहे. माझं नाव येणार नाही.” त्याने नाक ओढलं. “तर ती चूक नाही. ते माझं कासव आहे. पत्र्याच्या रुंदीत हे जेमतेम बसलं. हिच्यासाठी आहे.”

त्याने चंद्रकोरी उचलून टाकल्या. एक सपाट, एक फुगीर.

पुन्हा. एक सपाट, एक फुगीर.

तिसऱ्यांदा एक चंद्रकोर गडगडत कासवाच्या पायाला जाऊन थडकली, उलटली, पुन्हा उलटली आणि सपाट पडली. दुसरी फुगीर होती. मग जो गलका झाला तो शेजारच्या गावात ऐकू गेला असेल. कोणी फटाक्यांची माळ पेटवली. सदतीस वर्षं लेथवर काढलेले, बायकोला नावानेही हाक न मारणारे बाप्ये डोळ्यांत धूर गेला म्हणत तोंडं फिरवून उभे राहिले. फंग-च्याओने नवऱ्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग हात तिथेच ठेवला.

“जिन्यात!” ती म्हणाली. “मला नाही सांगितलंस, आणि जिन्यात उभा राहून पत्र्याची मापं देत होतास!”

“तुला तेव्हा भूल दिली होती.”

“वर्षभर दिली होती का?”

च्वांगकाकांनी घसा साफ केला. “बरं, आता पुढचं. या वर्षी कासव कोण मागणार?”

एरवी इथे रांग लागते. कोणाचं पोर परीक्षेला बसलेलं असतं, कोणाची सून दिवसांची असते. आज च्वांगकाकांनी कासवाकडे हात केला आणि लोकांच्या डोक्यात लख्ख हिशेब पडला. घरी न्यायचं, वर्षभर ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी याच्याहून एक मिलिमीटर मोठं. दोन हजार त्र्याऐंशी पॉइंट आठ. एकाला एकदम आठवलं की गॅसवर तीळ भरलेले गोळे उकळत ठेवलेत. दुसऱ्याच्या कंबरेत उसण भरली. सूनवाला म्हणाला, “आमची सून तशी तब्येतीने दणकट आहे.” दोन मिनिटांत देवळासमोर निम्मी माणसं उरली, आणि तीही ट्रकच्या आडोशाला.

“एकतीस वर्षांत असं झालं नाही,” च्वांगकाका वही छातीशी धरून म्हणाले.  “कोणीच नेणार नसेल तर संपलं सगळं. आजोबांना काय सांगू मी?”

“थांबा, काका,” फंग-च्याओ म्हणाली. ती परत गुडघ्यांवर बसली आणि चंद्रकोरी हातात घेतल्या.

चिन-मूचे डोळे पांढरे झाले. “अगं, वेड लागलं का? आत्ताच सुटलो! ऐंशी किलोचं आहे ते! आणि तुला आता काय मागायचं राहिलंय?”

 या वेळी तिने चष्मा नाकावर सारखा केला, ओठ न हलवता बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि चंद्रकोरी टाकल्या. हो. उचलल्या, टाकल्या. हो. तिसऱ्यांदाही हो. ट्रकच्या आडोशाची माणसं टाळ्या वाजवत बाहेर आली. आता धोका टळला होता.

“मिळालं!” च्वांगकाकांनी वहीत तिचं नाव लिहिलं. “लाय वहिनी, मागितलं काय?”

फंग-च्याओ उठली, गुडघे झटकले आणि नवऱ्याकडे बोट केलं.

“म्हटलं, आजोबा, हे धूड मला एकटीला उचलत नाही. पुढच्या वर्षी परत आणायचं आहे, तर त्याची दुसरी बाजू धरायला हा म्हातारा धडधाकट असू दे. दरवर्षी एक मिलिमीटर. पत्रा संपेपर्यंत.”

 चिन-मूने बाह्या वर केल्या, तो शेपटीच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कासव धरलं.

“तू डोकं धर,” तो म्हणाला. “आणि जड वाटलं तर ओरड.”